सावडीची सिस्टीम

नेरळच्या बाजारात, स्टेशनाकडून मशिदीकडे वळणाऱ्या गल्लीत याकूब नजेचं दुकान आहे. पाटीवर अजून 'रेडिओ व टेप दुरुस्ती' असंच लिहिलेलं. ती पाटी याकूबच्या वडिलांनी रंगवून घेतली होती. त्यांच्या हयातीतच रेडिओ गेले, त्यांच्या मागं टेप गेले, टीव्ही आले आणि तेही भिंतीला चिकटण्याइतके पातळ झाले. पाटी मात्र जागची हलली नाही. आत गेलात तर एकही रेडिओ दिसणार नाही. फळ्यांवर पोट उघडे टाकून पडलेले कॉम्प्युटर दिसतील, वायरींचा गुंता दिसेल, आणि मधोमध दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर, चष्मा कपाळावर सरकवून बसलेला चोपन्न वर्षांचा याकूब दिसेल. पाटी बदला म्हणणाऱ्याला त्याचं एकच उत्तर असतं, "ज्याला यायचं तो येतोच ना? मग कशाला?"

हा चिक्कूपणा नव्हे. चालू वस्तू मोडीत टाकणं त्याच्या जिवावर येतं, एवढंच. आणि अशा माणसाच्या वाट्याला गिऱ्हाईक म्हणून माथेरान यावं, हा योग चांगला जुळून आला.

माथेरानला गाडी जात नाही. दस्तुरी नाक्यावर सगळी चाकं थांबतात आणि तिथून पुढं सामान जातं ते घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. याकूबनं वरच्या हॉटेलांची कामं धरली तेव्हा, वीसएक वर्षांपूर्वी, बिघडलेला कॉम्प्युटर खाली दुकानात मागवायचा अशीच रीत होती. घोडेवाला नामा पक्का माणूस. काचेच्या बरण्या बांधाव्या तसा त्यानं पहिला कॉम्प्युटर भाताच्या पेंढ्यात गुंडाळून आणला. उघडला तर आत पंख्यापासून कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत पेंढा शिरलेला. याकूबनं तो साफ करून, व्हायरस काढून परत वर पाठवला. पोचेपर्यंत घोड्याच्या चालीनं आतला दुसराच भाग निखळला. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला नामानं ओझं उतरवताना अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "शेट, माझा घोडा आता याला वळखायला लागलाय."

त्या दिवशी याकूब खजील झाला. घोडा शहाणा निघाला होता. यंत्राला मुळात काही झालेलंच नव्हतं. बिघडत होती ती आतली सिस्टीम. म्हणजे यंत्राला जागं करून त्याच्या प्रत्येक भागाला कामाला लावणारी ती मूळ व्यवस्था. ती सगळीकडे चोरून उतरवलेली विंडोज असायची, याकूबही तीच घालून द्यायचा, आणि ते त्याला खुपायचं. त्याच्या वडिलांनी उभ्या आयुष्यात न सांगता नकली वॉल्व घातला नव्हता.

अशात एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी त्याच्या हाती पडली. तीवर लिनक्स नावाची सिस्टीम होती. कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, चुकलेलं दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती सगळ्यांना वाटावी. चोरी नाही की लपवाछपवी नाही. याकूबनं ती आधी स्वतःच्या यंत्रावर घालून चार महिने छळून बघितली, आणि मग सीडी सदऱ्याच्या खिशात टाकून चालत माथेरान चढला. त्यानंतर नामाच्या घोड्याची आणि कॉम्प्युटरची गाठ क्वचितच पडली.

सुरुवातीला लोकांनी टर उडवली. फुकटची वस्तू ती, फुकटच्याच लायकीची असणार. याकूब वाद घालत नसे, पण लक्षात ठेवत असे. पुढं वर्षं गेली आणि मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं त्याच सिस्टीमवर चालायला लागली. एके काळी नाकं मुरडणाऱ्या कंपन्याच पगारी माणसं बसवून तिची सुधारणा करायला लागल्या. कुंभिवलीत हायवेला लागून असलेल्या एका गोदामानं एका झटक्यात चाळीस यंत्रं याकूबकडून बदलून घेतली. मग कुणी हसला की याकूब त्याच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवायचा. "ह्याच्या पोटात पण तीच हाय. गेली पंधरा वर्सं तू तीच वापरतोयस." हे वाक्य त्यानं किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. थोडा मिरवायचा तो, पण तेवढा हक्क त्यानं कमावला होता.

पोपट मात्र कधी हसला नव्हता. पोपट भोईर पोशीरचा, भातशेतीवाल्या घरातला, नेरळच्या शाळेत याकूबच्या बाकावर बसलेला. गेली एकतीस वर्षं तो माथेरानच्या एका हॉटेलात काउंटरवर आहे. सहा दिवस वर राहायचं, सातव्या दिवशी खाली घरी यायचं. त्याच्या हॉटेलात मात्र मालकाच्या हट्टानं सातही कॉम्प्युटरांवर जुनी विंडोज टिकून होती. दोन हजार पंचवीसच्या ऑक्टोबरपासून त्या जुन्या विंडोजला कंपनीकडून मिळणारा आधार संपणार, आणि नवी विंडोज या जुन्या यंत्रांवर चढणार नाही, हे कळल्यावर मालकानं मुंबईहून फोन करून याकूबला बोलावलं.

जुलैत, हॉटेल रिकामं असताना, याकूबनं सातही यंत्रांवर लिनक्स घातली आणि पाहुण्यांच्या नोंदीसाठी तशाच मोकळ्या पद्धतीनं बनवलेला एक प्रोग्रॅमही बसवला. पोपट शेजारी बसून बघत होता.

"हे बनवतो कोण?" त्यानं विचारलं.

"जगभरची माणसं."

"पगार कोण देतो त्यांना?"

"कुणाला कंपनी देते, कुणाला कुणीच नाय. तू आपली सावड बघ ना. लावणीला आज ह्याच्या शेतावर गाव जातो, उद्या त्याच्या. तसंच हाय हे. सावडीची सिस्टीम."

तुलना चपखल होती आणि याकूब स्वतःवरच खूश झाला. पण त्यानं ती एका शेतकऱ्याला सांगितली होती, आणि शेतकऱ्याला सावड म्हणजे काही सांगण्यापुरती उपमा नव्हे. पोपटनं विचारलं,

"मग आपण कुनाच्या शेतावर गेलो?"

"म्हंजे?"

"सावड घेतली तर दिवस फेडावा लागतो रं. तुझी सतरा-अठरा वर्सं झाली असतील. तू फेडलास का?"

याकूबनं हसण्यावारी नेलं. पण खाली उतरताना त्याला आठवत राहिलं की आपण एवढी वर्षं घेतलं ते खरं, दिलं काय? सीडी वाटल्या. पण त्या बनवल्या दुसऱ्यांनी होत्या.

दिवाळीत घोळ झाला. माथेरानला गर्दी उसळली की वीज लपंडाव खेळायला लागते. तिथला पावसाळा बॅटऱ्या खातो, त्यामुळं काउंटरवरचा युपीएस नुसता शोभेला होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोपटनं ठाण्याच्या एका कुटुंबाला नऊ नंबरची खोली दिली, नोंद केली आणि वीज गेली. वीज परत आली तेव्हा त्या कुटुंबाची नोंद जागेवर नव्हती, पण तेव्हा ते पोपटच्या ध्यानात आलं नाही. पोपट जेवायला गेला असताना काउंटरवर बसलेल्या दुसऱ्या माणसानं यंत्रात नऊ नंबर रिकामा बघून तो डोंबिवलीच्या नवदांपत्याला दिला. त्यांनी जादा चावीनं दार उघडलं तर आत एक गृहस्थ बनियनवर बसून पोह्यांची वाट बघत होते.

त्यावरून जे रामायण झालं ते मुंबईपर्यंत पोचलं. मालक ओरडला नाही, ते जास्त वाईट. त्यानं शांतपणे सांगितलं की नाताळच्या गर्दीआधी हे थांबलं नाही तर नवी यंत्रं येतील, विंडोज येईल, आणि ती चालवणारा शिकलेला माणूसही येईल. पोपटला तेव्हा मोकळं करू. इतकी वर्षं केलं, आता आराम करा.

पोपटनं हे याकूबला फोनवर सांगितलं तेव्हा आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळंच याकूबला ते जास्त लागलं. आपल्या भरवशावर हा माणूस राहिला आणि आता त्याची खुर्ची जातेय. याकूबनं त्या प्रोग्रॅमच्या लोकांना, त्यांच्या इंटरनेटवरच्या जागी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. ब्राझीलमधल्या लुसिया नावाच्या एका बाईचं उत्तर आलं. अशी तक्रार आणखी दोघातिघांची आहे, पण आमच्याकडे काही केल्या तसं होत नाही. नेमकं कधी होतं ते सांगता येईल का? याकूबनं दुकानात यंत्र लावून वीस वेळा प्लग उपटला. एकदाही नोंद गेली नाही. प्लग उपटण्याआधी तो दरवेळी चष्मा खाली घेऊन सगळं नीट तपासत असे, आणि तिथंच गोम होती, पण ते कळायला डिसेंबर उजाडावा लागला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोपट त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुकानात आला तो खांद्यावर गोणी घेऊन. घामानं निथळत होता.

"नवा तांदूळ हाय. घरचा."

"कशाला रं एवढा?"

"तुला नाय. त्या लोकांना. पत्ता काढ त्यांचा."

पोपट अगदी गंभीर होता. त्याचं गणित सरळ होतं. पाच महिने लोकांची सावड घेतली, एक दिवस फेडला नाही. मग घोळ होणार नाही तर काय. आपल्याला कॉम्प्युटर बनवता येत नाही, पण तांदूळ तरी देता येतो.

"ब्राझीलला गोणी कशी पाठवू, पोपट?"

"ते तू बघ. मोकळ्या हातानं नाय बसायचं."

उंदरांच्या भीतीनं गोणी खाली ठेवता येईना, म्हणून याकूबनं ती आपल्या स्टुलावर चढवली आणि स्वतः एका खोक्यावर बसला. तेवढ्यात त्याची बायको रजिया शाळा सुटल्यावर दुकानात आली. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवते, आणि कागद दिसला की वाचल्याशिवाय तिला राहवत नाही. पोपटच्या पिशवीतून एक जाडजूड वही डोकावत होती.

"हे काय, पोपटभाऊ?"

"जनरेटरची वही, भाभी. संपली. नवी घ्यायचीय."

वीज किती वाजता गेली, जनरेटर कधी लावला, वीज कधी आली, हे लिहिणं काउंटरवरच्या माणसाचं काम. बाकीचे वेळा लिहून मोकळे होतात. पण वहीत 'शेरा' नावाचा एक रकाना आहे, आणि रकाना रिकामा सोडणं पोपटच्या स्वभावात नाही. वीज गेली तेव्हा आपण काय करत होतो ते तो तिथं लिहायचा.

रजियानं वाचायला सुरुवात केली. "ठाण्याचे पाहुणे. नाव घातलं. चावी दिली. लाईट गेली. नाव गेलं." पुढं, "पुण्याचे दोघे. नाव घातलं. चावी दिली. खोली सांगितली. चहा सांगितला. लाईट गेली. नाव राहिलं." अशी पानंच्या पानं. तिनं पर्समधून लाल पेन काढलं आणि पेपर तपासायला बसल्यासारख्या खुणा करत गेली. शेवटी चष्मा काढून तिनं विचारलं, "पोपटभाऊ, चहा सांगितल्यावर वीज गेली तर नाव कधीच जात नाही. चहाच्या आधी गेली तर जातं. नेहमीच. तुम्ही चहा कधी सांगता?"

"सगळं झाल्यावर."

"करून दाखवा."

मग त्या दुकानात नाटक झालं. याकूब पाहुणा झाला, तांदळाची गोणी काउंटर झाली, रजिया मोबाईलमधलं घड्याळ लावून बसली. पोपटनं नोंदीचं बटण दाबल्याचा अभिनय केला आणि मग त्याच्या नेहमीच्या संथ पद्धतीनं किल्ली काढली, दोन्ही हातांनी दिली, खोलीची दिशा दाखवली, माकडांपासून सामान सांभाळायला सांगितलं आणि आत वळून चहा सांगितला. चौतीस सेकंद. दुसऱ्यांदा छत्तीस. तिसऱ्यांदा तेहतीस.

याकूबनं कपाळाला हात लावला. सिस्टीम प्रत्येक नोंद लगेच डिस्कवर लिहीत नाही. घरात एकेक भांडं न घासता थोडी साठवून एकदम घासायला घेतात, तशी ती नोंदी आठवणीत धरून ठेवते आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास एकदम लिहिते. महत्त्वाची नोंद 'आत्ताच्या आत्ता लिही' असं प्रोग्रॅमनं तिला बजावायला हवं होतं, ते राहून गेलं होतं. याकूबनं प्लग उपटला तो दरवेळी मिनिटभर तपासून झाल्यावर. आणि ज्यांनी प्रोग्रॅम बनवला त्यांच्या गावात वीज सहसा जात नाही, गेली तरी लॅपटॉपला बॅटरी असते. हे भूत दिसायला माथेरानची वीज आणि पोपटचा संथपणा, दोन्ही लागत होतं.

रजियानं पत्र लिहायला दोन संध्याकाळी घेतल्या. 'आदरणीय महोदया' अशी सुरुवात केली आणि वहीतला प्रत्येक शेरा, किल्ली, माकडं आणि चहासकट, स्वच्छ शालेय इंग्रजीत उतरवला, आणि शेवटी तांदळाच्या गोणीचंही लिहिलं. इंटरनेटवर कुणी असं लिहीत नाही, हे याकूबला ठाऊक होतं. पण तो काही बोलला नाही. तेवढी अक्कल त्याला लग्नानंतर आली होती.

लुसियाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. अकरा महिने मी ही चूक शोधत होते, तिनं लिहिलं होतं, आणि ती चहाच्या अलीकडे निघाली. पोपट यांना सांगा, तांदूळ नको, ही वहीच पुरेशी आहे. आठवड्याभरात दुरुस्ती तयार झाली.

अठरा डिसेंबरला याकूब पेन ड्राइव्ह खिशात टाकून वर चढला. एकेक करून सातही यंत्रांवर दुरुस्ती बसवली. मग वायरमन गजाला मेन स्विचपाशी उभा केला. पोपटनं याकूबचं नाव घातलं, किल्ली पुढं केली आणि याकूबनं हात वर केला. काउंटर अंधारलं. गजानं स्विच परत लावला आणि यंत्र सुरू व्हायला लागलं. याकूबची सगळी वर्षं, सगळं मिरवणं त्या एका काळ्या पडद्यावर येऊन थांबलं होतं. पडदा उजळला. 'याकूब नजे, खोली नऊ.' सातही यंत्रांवर तसंच झालं. शेवटी पोपटनं किल्लीला हात लावायच्या आतच वीज घालवायला लावली. तरी नाव जागेवर.

दुरुस्तीबरोबर एक छोटं टिपण आलं होतं. काय बदललं ते त्यात लिहितात. याकूबनं ते फोनवर रजियाला वाचून दाखवलं आणि तिनं मराठीत सांगितलेलं जोरानं पोपटला ऐकवलं. "चहा सांगण्याआधी वीज गेली तरी आता नोंद टिकेल. हे ज्यांनी लिहून ठेवलं त्या पोशीरच्या पोपट यांचे आभार."

पोपटनं आत जाऊन तिघांसाठी चहा सांगितला. नाताळ गर्दीत पार पडला, वीज अकरा वेळा गेली, एकही खोली दोनदा दिली गेली नाही. मालकानं नव्या माणसाचा विषय परत काढला नाही.

एवढ्यावर सगळं संपायला हरकत नव्हती. पण जानेवारीत पोपटनं घरी सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्याच्या बायकोनं, सुंदरानं, चुलीवरची नजर न हलवता विचारलं, "सावडीला गेलात, मग जेवाया घातलं का?" ज्याच्या शेतावर सावड, त्यानं दुपारचं जेवण घालायचं, ही रीत. पोपटनं याकूबला फोन लावला.

"आता बाईकडं जेवण मागू का मी?" याकूब म्हणाला.

"मागू नको. सुंदराला काय सांगू, एवढं सांग."

याकूबला संकोच वाटला, रजियाला अजिबात वाटला नाही. तिनं पुन्हा 'आदरणीय महोदया' लिहिलं, सावड म्हणजे काय ते समजावलं, आणि शेवटी सुंदरा वहिनींचा प्रश्न जसाच्या तसा उतरवून दिला.

पुढच्या सुट्टीला पोपट दुकानात आला तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं. उत्तरात फक्त एक फोटो होता. एक जेवणाचं टेबल, त्यावर ताट वाढलेलं, पांढरा भात आणि शेजारी काळसर कडधान्याची आमटी. समोरची खुर्ची रिकामी, आणि खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवलेला. कागदावर कुणीतरी पुस्तकातून बघून, एकेक अक्षर जपून काढावं तसं देवनागरीत लिहिलं होतं, 'पोपट'.

पोपटनं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यानं काही प्रयत्न केला नाही.

"भात खातात की तिकडं," तो म्हणाला. "आनि हे काय, वाल हायत का?"

"वालासारखंच काहीतरी," रजिया म्हणाली. "रोज खातात, वाचलंय मी."

"मग फिटलं. सुंदराला सांगतो, जेवाया घातलं म्हनून." त्यानं मोबाईल परत दिला आणि स्टुलावरच्या गोणीवर थाप मारली. "हे आता तुमचं. तुमी दोघं माझ्यासाठी राबलात ते येगळं."

रजियानं त्याच संध्याकाळी गोणी घरी नेऊन फोडली. नव्या तांदळाचा भात किंचित चिकट होतो, तसा झाला, आणि तिनं मुद्दाम वाल केले. पोपटला धरून तिघं जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर याकूब सवयीनं खोक्यावर बसला, मग आठवण होऊन उठला आणि दीड महिन्यानं आपल्या स्टुलावर जाऊन बसला.